कार्ताहेना : प्रवाळाचा तट, गाळाचे पाणी

कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्ताहेना दे इंदियास या शहरात येणारा पाहुणा सहसा आपल्या मुक्कामाची दोन भागांत वाटणी करतो. एक दिवस तटाच्या आतले जुने शहर, किल्ला आणि चर्च. दुसरा दिवस बेटे, प्रवाळ आणि खारफुटी. शहराचा इतिहास मात्र ही वाटणी मानत नाही. तटाचे दगड समुद्रानेच घडवलेल्या प्रवाळखडकाचे आहेत. बंदराचे तोंड कधी वाळूने बंद केले, कधी माणसाने. बेटांभोवतीचे प्रवाळ ज्या गाळाने गुदमरतात तो सतराव्या शतकात इथल्याच व्यापारासाठी खोदलेल्या कालव्यातून येतो. म्हणून इथली प्रेक्षणीय स्थळे आणि निसर्गस्थळे यांची हकिगत एकत्रच सांगावी लागते.

शहराची जागा तशी अडचणीची. समुद्र, खारी सरोवरे आणि खारफुटीच्या दलदली यांच्यामध्ये वाळूची सखल बेटे, आणि त्यांच्या दक्षिणेला सुमारे ८० चौरस किलोमीटरचा, चहूबाजूंनी जवळपास बंदिस्त असा शांत उपसागर. वादळात जहाजांना याहून चांगला आसरा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. पण जवळ नदी नाही आणि गोड्या पाण्याचा झराही नाही. घरे, मठ आणि किल्ले यांच्या पोटात बांधलेल्या टाक्यांत पावसाचे पाणी साठवूनच हे शहर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ जगले. तुर्बाकोच्या टेकड्यांतून नळाने पाणी आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आज सान फेलिपे किल्ल्यात किंवा ला पोपाच्या मठात वाटाड्या विहिरीसारखे काही दाखवतो, ते बहुधा असे टाके असते.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी इथे कालामारी नावाचे आदिवासी गाव होते. पेद्रो दे एरेदिया याने १५३३ मध्ये तिथेच वसाहत उभी केली. १ जून १५३३ हा स्थापनेचा दिवस मानला जातो. स्पेनमधल्या कार्ताहेना बंदराचे नाव तिला मिळाले, आणि दोहोंत घोटाळा नको म्हणून पुढे ‘दे इंदियास’ जोडले गेले. एरेदियाची दुभाषी होती कातालिना. तिला १५०९ च्या सुमारास लहानपणीच या किनाऱ्यावरून पळवून सांतो दोमिंगोला नेले होते, आणि ती परतली ती जिंकणाऱ्यांच्या बाजूने बोलायला. तटाबाहेरच्या चौकात १९७४ पासून तिचा पुतळा उभा आहे आणि शहराच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस म्हणून त्याचीच लहान प्रतिकृती देतात. ज्यांच्या वतीने तिने शब्द पोचवले त्यांनी तिच्या लोकांचे काय केले, हे त्या चौकात फारसे सांगितले जात नाही. वसाहतीचे पहिले भांडवलही लुटीचेच होते. दक्षिणेकडच्या सिनू नदीच्या खोऱ्यात मृतांसोबत पुरलेले सोन्याचे दागिने होते, ती थडगी उकरून एरेदियाच्या माणसांनी सोने काढले.

थडग्यांतले सोने लवकरच संपले. पण तोवर बंदराला कायमचे काम मिळाले होते. स्पेनहून वर्षाकाठी निघणारा गलबतांचा ताफा आधी कार्ताहेनाला येई, मग पनामाच्या संयोगभूमीवरच्या पोर्तोबेलोच्या जत्रेत पेरूची चांदी चढवी, परत कार्ताहेनाला थांबून डागडुजी करी आणि हवानामार्गे मायदेशी निघे. आतल्या डोंगरांतले पाचू आणि सोने माग्दालेना नदीवाटे येत. ताफा बंदरात असला की भाव दुप्पट होत, घरोघरी भाडेकरू भरत. तो गेला की शहर पुन्हा उन्हात पडून राही. एवढा माल एका उघड्या गावात साठतो ही बातमी युरोपभर पोचायला वेळ लागला नाही.

पहिली घरे लाकडाची आणि झावळ्यांची होती. १५५२ च्या आगीत गाव जळाले आणि पुढे दगड, वीट आणि कौले वापरण्याचा दंडक पडला. चाचे आगीआधीही येऊन गेले होते, नंतरही येत राहिले. १५४४ मध्ये फ्रेंचांनी गाव लुटले, १५६८ मध्ये जॉन हॉकिन्स बाहेरून तोफा डागून रिकाम्या हाताने परतला. १५८६ च्या फेब्रुवारीत फ्रान्सिस ड्रेक आला तो मात्र जवळजवळ दोन महिने राहिला. घरे जाळत जाळत त्याने खंडणीचा सौदा केला आणि १,०७,००० दुकाते घेऊन निघाला. बांधकाम चालू असलेल्या कॅथीड्रलचीही त्यात मोडतोड झाली. ते पुरे व्हायला आणखी पाव शतक लागले.

तटबंदीचा जन्म या खंडणीतून झाला. त्याच वर्षी दुसऱ्या फिलिप राजाने बाउतिस्ता आंतोनेल्ली या इटालियन स्थापत्यविशारदाला कॅरिबियनमध्ये धाडले. हवाना, पोर्तोबेलो, पनामा, कार्ताहेना अशा साऱ्या बंदरांचा एकच संरक्षण-आराखडा त्याने विचारात घेतला. याच काळात हाच राजा पोर्तुगालच्याही गादीवर होता, त्यामुळे गोवा, चौल आणि वसई त्याच्याच अंमलाखाली होती. तिकडच्या किल्ल्यांसाठी त्याने जोवान्नी बात्तिस्ता काइराती या दुसऱ्या इटालियनाची नेमणूक केली होती. काइरातीने मोंबासाच्या फोर्ट जीझसचा आराखडा केला आणि तो गोव्यातच वारला. कोकण किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज बुरुजांची टोकदार, बाणाच्या पात्यासारखी रचना ज्याने पाहिली आहे त्याला कार्ताहेनाचे बुरुज अनोळखी वाटणार नाहीत. उंच आणि सरळ भिंत तोफेपुढे टिकत नाही हे इटलीने शिकवले होते. म्हणून भिंत बुटकी, जाड आणि उतरती, आत मातीचा भराव, आणि कुठल्याही बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचा पायथा माऱ्यात यावा असे कोन.

आंतोनेल्लीचा कागद दगडात उतरवायला त्याचा भाचा क्रिस्तोबाल दे रोदा याने १६१४ च्या सुमारास सुरुवात केली. काम १७९६ मध्ये संपले असे मानतात, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे ते चालू होते. समुद्राच्या बाजूची भिंत लाटा पुन्हा पुन्हा पाडत आणि ती पुन्हा उभारावी लागे. उपसागराच्या तोंडाशी असलेल्या तिएर्राबोम्बा बेटावर प्रवाळखडकाच्या खाणी होत्या, चुन्याच्या भट्ट्याही तिथेच. ताजा कापलेला हा खडक मऊ असतो आणि हवेत वाळला की कडक होतो, त्यामुळे तो घडवणे सोपे. आज तटाला हात लावला तर दगडात शंख-शिंपले आणि प्रवाळाच्या फांद्यांचे ठसे सहज सापडतात. खर्च भागे तो बोगोता आणि कीटोच्या खजिन्यांतून दरवर्षी येणाऱ्या ठरावीक रकमेतून, आणि राबत ते राजाच्या मालकीचे गुलाम, कैदी आणि रोजंदार. स्पेनचा राजा राजवाड्याच्या खिडकीतून दुर्बीण लावून ‘एवढा पैसा ओतला, तट इथून दिसायला हवा’ म्हणाला, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती खरी असण्याचे काही कारण नाही, पण खर्चाचा अंदाज तिच्यातून बरोबर मिळतो.

या सगळ्याच्या तळाशी माणसांचा व्यापार होता. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम उतरवून घेण्याचा परवाना ज्या मोजक्या स्पॅनिश-अमेरिकन बंदरांना होता त्यांत कार्ताहेना प्रमुख होते. १५९५ ते १६४० या काळात हा मक्ता पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे होता, आणि या पंचेचाळीस वर्षांतच लाखाहून जास्त माणसे इथे उतरवली गेली. घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरले की जो तिकोनी चौक लागतो, जिथे आज कमानींखाली खोबऱ्याच्या वड्या विकतात, तिथे हा बाजार भरे. जहाजांच्या तळघरात उतरून आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा जेझुइट पाद्री पेद्रो क्लाव्हेर १६१० मध्ये इथे आला आणि १६५४ मध्ये इथेच वारला. १८८८ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. त्याचे अवशेष त्याच्या नावाच्या चर्चमध्ये वेदीखाली काचेत ठेवले आहेत. त्याचा गुरू आलोन्सो दे सान्दोव्हाल याने आफ्रिकी लोकांच्या जाती, भाषा आणि हालअपेष्टांची नोंद करणारा ग्रंथ १६२७ मध्ये छापला. इतिहासाला तो अधिक उपयोगी आहे, प्रवासी मात्र त्याचे नाव क्वचितच ऐकतो.

सगळेच गुलाम बाजारात थांबले नाहीत. बेंकोस बियोहो हा १६०० च्या आसपास साथीदारांसह पळाला, दलदलीच्या आडोशाने त्याने कुंपणबंद वस्ती केली आणि गव्हर्नरला तह करायला लावले. पुढे त्याला दगाफटक्याने पकडून १६२१ मध्ये फाशी दिली. अशा पळालेल्यांच्या वस्त्यांपैकी सान बासिलिओ दे पालेन्के हे गाव आजही आहे. शहराच्या आग्नेयेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या या गावात स्पॅनिश शब्द आणि बांटू वळणाची घडण असलेली स्वतःची भाषा बोलतात. युनेस्कोने २००५ मध्ये या गावाच्या परंपरांची दखल घेतली. शहरात डोक्यावर फळांची पाटी घेऊन रंगीत पोशाखात फिरणाऱ्या बायका याच गावच्या. आता त्यांची कमाई फळांपेक्षा फोटोंतून जास्त होते.

१६१० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासनही इथे आले. गोव्याच्या न्यायासनानंतर पन्नास वर्षांनी आलेल्या या कचेरीच्या अखत्यारीत जवळपास सारा स्पॅनिश कॅरिबियन होता. जादूटोणा, पाखंड आणि छुपा यहुदी धर्म हे नेहमीचे आरोप, आणि आरोपींत आफ्रिकी वंशाच्या बायका पुष्कळ. बोलिव्हार चौकातला तिचा वाडा १७७० चा आहे. अठराव्या शतकातल्या निवासी वास्तुकलेचा तो उत्तम नमुना आहे, आणि त्याचे सुंदर नक्षीदार दार पाहताना हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

पण कार्ताहेनाच्या बचावाची खरी गुरुकिल्ली तट नव्हे, पाणी होते. उपसागराच्या तोंडावर तिएर्राबोम्बा बेट आडवे पडले आहे, त्यामुळे समुद्रातून आत यायला दोन वाटा होतात: उत्तरेला शहराला लागून बोकाग्रांदे म्हणजे मोठे तोंड, आणि दक्षिणेला बोकाचिका म्हणजे लहान तोंड. मोठ्या वाटेवर पहारा ठेवणे कठीण. १६४० मध्ये पोर्तुगीज ताफ्यातली तीन मोठी जहाजे बोकाग्रांदेत बुडाली, त्यांच्या सांगाड्यांभोवती वाळू साचत गेली आणि काही वर्षांत मोठे तोंड आपोआप बुजले. शहराला हे फुकटचे संरक्षण शतकभर पुरले. सारी रहदारी बोकाचिकाच्या अरुंद फटीतून होऊ लागली आणि तिथे किल्ला उभा राहिला.

तेवढ्याने भागले नाही. १६९७ मध्ये फ्रान्सच्या बाराँ द प्वांतीने हाच किल्ला पाडून शहर घेतले आणि धुऊन नेले. वसाहतीच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी लूट तीच. ११ वर्षांनी, ८ जून १७०८ ला, इंग्रज कमोडोर वेजरशी झालेल्या चकमकीत सान होसे हे खजिन्याने भरलेले जहाज बारू बेटाजवळ स्फोट होऊन बुडाले. त्यावरच्या सुमारे सहाशे लोकांपैकी मोजकेच वाचले. २०१५ मध्ये कोलंबिया सरकारने ते खोल समुद्रात सापडल्याचे जाहीर केले, आणि त्याच्या मालकीचा वाद स्पेन, एक अमेरिकन कंपनी आणि बोलिव्हियातले आदिवासी अशा अनेक बाजूंनी पेटला. पोतोसीच्या खाणीत राबलेल्या आदिवासींच्या वंशजांचे म्हणणे वकिली डाव म्हणून झटकता येण्यासारखे नाही.

१७४१ चा वेढा शहराच्या आठवणीत सगळ्यांत ठळक आहे. पोर्तोबेलो घेऊन फुशारलेला इंग्रज ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन मार्चमध्ये सुमारे १८० जहाजे आणि पंचवीस हजारांहून जास्त माणसे घेऊन आला. आत तीन-चार हजार लढवय्ये आणि सहा युद्धनौका. व्हाइसरॉय सेबास्तियान दे एस्लाव्हा आणि ॲडमिरल ब्लास दे लेसो या दोघांत बेबनाव. लेसो हा तरुणपणाच्या लढायांत एक पाय, एक डोळा आणि एका हाताची हालचाल गमावलेला दर्यावर्दी. बोकाचिकाचा किल्ला पडला, लेसोने आपलीच जहाजे वाटेत बुडवली, तरी इंग्रज उपसागरात घुसले. विजय झालाच म्हणून लंडनमध्ये पदके पाडली गेली. त्यांवर लेसो गुडघे टेकून शरण जाताना दाखवला आहे, तोही धडधाकट दोन पायांचा. एप्रिलच्या २० तारखेला सान लाझारो टेकडीवरच्या सान फेलिपे किल्ल्यावर हल्ला झाला. शिड्या आखूड पडल्या असे सांगतात. इंग्रजांना खरे हरवले ते पावसाळ्याने आणि पिवळ्या तापाने: तंबूंत आणि जहाजांवर माणसे हजारोंनी मेली आणि मेमध्ये ताफा निघून गेला. डासांचा या लढाईतला वाटा इतिहासकार आता उघड मान्य करतात, पुतळा मात्र लेसोचाच आहे. तो त्याच सप्टेंबरात मेला, दरबाराची मर्जी गमावून. इंग्रजांच्या बाजूने आलेल्यांत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स होता; पुढे त्याने आपल्या इस्टेटीला ॲडमिरलचे नाव दिले, तेच माउंट व्हर्नन.

या वेढ्याच्या आसपास समुद्राने वाळूचा बांध फोडला आणि बोकाग्रांदे पुन्हा उघडू लागले. त्यावरचा इलाज आंतोनियो दे आरेवालो या लष्करी इंजिनियरने केला, आणि कार्ताहेनाच्या साऱ्या बांधकामांत तो सर्वांत धाडसी असूनही जवळजवळ कुणी पाहत नाही, कारण तो पाण्याखाली आहे. १७७१ ते १७७८ या काळात त्याने बोकाग्रांदेच्या तोंडावर तीन किलोमीटरहून लांब बुडीत भिंत घातली: तळात लाकडी खुंट ठोकून त्यांच्यामध्ये दगड भरले. ती आजही शाबूत आहे. आजची महाकाय मालवाहू जहाजेही बोकाचिकाकडूनच आत येतात. सान फेलिपेला आजचे रूप दिले तेही या आरेवालोनेच. १६५७ मध्ये टेकडीच्या माथ्यावर बांधलेला तो किल्ला केवळ काही तोफांचा होता. आरेवालोने १७६२ पासून सात वर्षांत साऱ्या टेकडीला उतरत्या भिंतींचे कवच घातले आणि पोटात भुयारांचे जाळे खणले. एक तोफमंच शत्रूने घेतला तर वरचा मंच त्यावर मारा करील अशी मांडणी आहे. तटाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या २३ घुमटी कोठ्या, लास बोव्हेदास, हे त्याचे शेवटचे मोठे काम. दारूगोळ्यासाठी बांधलेल्या त्या कोठ्या पुढे तुरुंग झाल्या, आज तिथे हॅमॉक आणि टोप्या विकतात. या किल्ल्यांवर नंतर एकही परकी स्वारी आली नाही.

पुढचा वेढा घातला तो खुद्द स्पेनने. ११ नोव्हेंबर १८११ ला शहराने पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले. हेत्सेमानी या कारागिरांच्या, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीतले लोक पेद्रो रोमेरो या लोहाराच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले म्हणूनच उमरावांच्या सभेला सही करावी लागली. १८१५ च्या ऑगस्टमध्ये पाब्लो मोरिल्योने समुद्र आणि जमीन दोन्हीकडून कोंडी केली. परक्यांना न घाबरणारा तट उपासमारीपुढे निरुपयोगी ठरला. साडेतीन महिन्यांनी शहर पडले तेव्हा सुमारे सहा हजार माणसे मेली होती, म्हणजे लोकसंख्येतला जवळपास तिसरा माणूस. १८१६ च्या फेब्रुवारीत फाशी आणि गोळीने मारलेल्या पुढाऱ्यांचे अर्धपुतळे हेत्सेमानी आणि जुन्या शहरामधल्या रस्त्यावर आहेत. स्पॅनिश शेवटी निघाले १८२१ मध्ये.

स्वातंत्र्याने शहराचा धंदाच बुडवला. ताफे थांबले, खजिन्यांतून येणारी रक्कम बंद झाली, माग्दालेनाच्या मुखाजवळचे बारांकिया पुढे सरकले. १८४९ च्या कॉलऱ्याने उरलेल्यांतले कितीतरी नेले. शतकाच्या मध्यानंतर वस्ती आधीच्या निम्म्यावर होती. गरिबीने मात्र एक काम केले: पाडून नवे बांधायला पैसा नसल्याने जुनी घरे, छज्जे आणि लाकडी बाल्कन्या जागच्या जागी राहिल्या. आज ज्याला वारसा म्हणून मिरवतात त्याचा मोठा भाग या दारिद्र्याची देणगी आहे. प्रगती आली तेव्हा पहिला घाव तटावरच पडला. १८९४ मध्ये माग्दालेनाकाठच्या कालामारपर्यंत रेल्वे सुरू झाली, शहर पसरू लागले आणि हवा खेळती व्हावी, रस्ते निघावेत म्हणून भिंतीचे तुकडे पाडले गेले. मधली दलदल भरून ला मातुना ही बाजारपेठ झाली. पाडापाडी थांबली ती १९२० च्या दशकात, संरक्षणाचा कायदा झाल्यावर. मूळच्या सुमारे ११ किलोमीटरपैकी बराच भाग वाचला. १९८४ मध्ये युनेस्कोने बंदर, किल्ले आणि वास्तुसमूह यांना जागतिक वारसा ठरवले.

पर्यटनाची सुरुवात मोठ्या तोंडाशेजारच्या, बोकाग्रांदे याच नावाच्या वाळूच्या जिभेवर झाली. १९२० च्या दशकात तेलवाहिनी टाकणाऱ्या कंपनीने तिथे आपल्या लोकांसाठी वसाहत केली, १९४० च्या दशकात पहिले मोठे हॉटेल आले, आणि पुढे इमारती वर चढत गेल्या. त्याच काळात तटाला टेकून चाम्बाकू ही कृष्णवर्णीय गरिबांची झोपडवस्ती वाढली होती; मानुएल सापाता ओलिव्हेयाने तिच्यावर कादंबरी लिहिली. १९७० च्या दशकाच्या आरंभी ती उठवली आणि माणसे दूर पाठवली गेली. हेत्सेमानीतला बाजार १९७८ मध्ये बासुर्तोला हलवला, त्या जागी परिषदगृह झाले. सांता क्लारा मठाचे १९९० च्या दशकात महागडे हॉटेल झाले. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस १९४८ मध्ये बोगोतातल्या दंगलीनंतर इथे येऊन ‘एल युनिव्हर्साल’ या वृत्तपत्रात लिहू लागला, आणि त्याच्या १९८५ च्या कादंबरीतले, म्हणजे कॉलऱ्याच्या काळातल्या प्रेमकथेतले, नाव न दिलेले शहर बहुतांशी हेच. २०१६ पासून त्याची रक्षा ला मेर्सेदच्या जुन्या मठात आहे. ज्या हेत्सेमानीने स्वातंत्र्य घडवले तिथल्या भिंती आता रंगीत चित्रांनी भरल्या आहेत आणि भाडी वाढल्यामुळे जुनी कुटुंबे एकेक करून बाहेर पडत आहेत.

निसर्ग पाहायचा तर सुरुवात ला पोपाच्या टेकडीपासून करावी. सुमारे १५० मीटर उंचीची ही शहरातली एकमेव मोठी उंची. समुद्रातून ती जहाजाच्या मागच्या भागासारखी दिसते म्हणून खलाशांनी हे नाव दिले. १६०७ च्या सुमारास ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी इथे मठ बांधला; टेकडीवर सोन्याच्या बोकडाच्या रूपात पूजला जाणारा सैतान त्यांनी कड्यावरून लोटला अशी कथा आहे. कथेमागे स्थानिकांची आणि आफ्रिकी गुलामांची पूजास्थाने मोडल्याची आठवण असावी. २ फेब्रुवारीला कांदेलारिया मातेच्या यात्रेला आजही लोक टेकडी चढतात. वरून उपसागर, बोकाग्रांदेची जीभ, तिएर्राबोम्बा आणि मागची सरोवरे एका नजरेत येतात, आणि १७४१ ची लढाई नकाशाशिवाय समजते. इतकी लांब चढण नको असेल तर १९११ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीसाठी केलेले सेन्तेनारियो उद्यान घड्याळाच्या मनोऱ्यासमोरच आहे. तिथल्या झाडांवर स्लॉथ राहतात आणि खालून बाजाराची वर्दळ वाहत असते.

उत्तरेला ला व्हिर्हेन हे २० चौरस किलोमीटरहून मोठे खारे सरोवर, आणि त्याच्या व समुद्राच्या मधल्या पट्ट्यावर ला बोकिया हे कोळ्यांचे गाव. इथले लोक होडीतून खारफुटीच्या बोगद्यांतून फिरवून आणतात, खेकडे आणि बगळे दाखवतात. वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी या सरोवरात गेले आणि मासे मरू लागले. २००० मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने भरती-ओहोटीच्या दाबावर आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसवले, म्हणजे समुद्राचे पाणी एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. २०१३ पासून सांडपाणी नळाने दूर समुद्रात सोडतात. गावाला २०१२ मध्ये जमिनीच्या सामूहिक हक्काची सनद मिळाली, तिच्यावरून पुढे कोर्टकज्जे झाले. किनाऱ्याची जमीन हॉटेलांना हवी आहे हे त्यांचे मूळ. ईशान्येला ५० किलोमीटरवरचा एल तोतुमो हा चिखलाचा ज्वालामुखी मात्र निव्वळ गंमत आहे: पंधरा-वीस मीटरचा मातीचा सुळका, शिडीने वर जायचे आणि कोमट दाट चिखलात तरंगायचे. आतून आग निघत असे, पाद्रीने तीर्थ शिंपडून तिचा चिखल केला, असे गावकरी सांगतात. खरे कारण भूगर्भातले वायू.

नैर्ऋत्येची रोसारिओ बेटे हे मोठे आकर्षण. १९७७ मध्ये इथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. आज सान बेर्नार्दो बेटांसह त्याचा विस्तार सुमारे १,२०,००० हेक्टर आहे. या प्रवाळांची गोष्ट कळायला कालव्याकडे जावे लागते. नदी नसलेल्या बंदराला माग्दालेनाशी जोडायला गव्हर्नर पेद्रो सापाता दे मेन्दोसा याने १६५० मध्ये दलदली आणि तळी जोडत कानाल देल दीके खणवला. तो सतत गाळाने भरे आणि पुन्हा उपसावा लागे. विसाव्या शतकात यंत्रांनी तो रुंद केला, वळणे कापली आणि लांबी सुमारे ११५ किलोमीटरवर आली. पाणी वेगाने धावू लागले आणि अँडीजच्या उतारांवरची माती थेट उपसागरात आणि बारूच्या किनाऱ्यावर येऊन पडू लागली. समुद्री गवताची कुरणे गेली. रोसारिओपर्यंत तपकिरी लाट पोचते तेव्हा प्रवाळांना उजेड मिळत नाही. याच कालव्याने बारूचे द्वीपकल्प तोडून बेट केले होते. २०१४ मध्ये पूल झाला तसे प्लाया ब्लांकाच्या पांढऱ्या वाळूवर बसगाड्यांचे लोंढे येऊ लागले.

इतके होऊनही बोकाचिकाच्या तोंडाशी, गढूळ पाण्याच्या थराखाली, वारादेरो नावाचा प्रवाळाचा भरगच्च पट्टा तग धरून असल्याचे २०१३ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. पाणी वरून घाण दिसते म्हणून तिथे कुणी बुडी मारत नव्हते. मोठ्या जहाजांसाठी बंदराला दुसरी वाट खोदण्याचा प्रस्ताव आहे, तो याच पट्ट्यातून जातो. कालव्याच्या दोन्ही टोकांना दरवाजे बसवून गाळ आणि पाणी आवरण्याच्या प्रकल्पाचे कंत्राट २०२२ मध्ये दिले गेले. समुद्राची पातळी वाढत असल्याने भरतीच्या वेळी बोकाग्रांदेच्या रस्त्यांवर पाणी येते, आणि त्यासाठी किनाऱ्यावर दगडी बांध घालण्याचे काम हाती घेतले गेले.